बकरीले डबल

तायडे डॉक्टर बैलाला अहो-जाहो करायचे आणि बैलाच्या मालकाला अरे-तुरे. "या महाराज, जरासे इकडे सरका," हे बैलाला. लगेच पुढच्या श्वासात "शिंग धर बे नीट, कोठी पाहून राह्यला?" हे मालकाला. मालक पासष्टीचा असो की पंचायतीचा सदस्य असो, त्याची सुटका नसे. आणि गंमत म्हणजे याचा कोणालाच राग येत नसे. आपल्या जनावराला कोणी एवढा मान देतो म्हटल्यावर माणसाने स्वतःच्या मानाचं काय घेऊन बसायचं, असा हिशेब असावा.

माझं मेडिकल पिंपळगाव राजात गुरांच्या सरकारी दवाखान्याच्या बरोब्बर समोर आहे. माणसांचं मेडिकल, हे मी पाटीवरच लिहायला पाहिजे होतं. कारण दवाखान्यात औषध संपलं की लोक रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे. "ताई, गाईले ताप हाय, काही द्या ना." माझी जीभ आधीच तिखट. मी म्हणायची, गाय आणली का, जीभ दाखवू दे तिला. तरी लोक हटत नसत.

डॉक्टरांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. एक शेतकरी माझ्या काउंटरवर उभा होता. त्याच्या मुलाला माणसांच्या डॉक्टरने लिहून दिलेल्या भारी कॅप्सूलने गुण आला होता. आता गाय आजारी, तर त्याच कॅप्सूल त्याला गाईसाठी हव्या होत्या, आणि त्याचं गणित तयार होतं. माणसाला एक, तर गाईला मूठभर. मी नाही म्हणायला तोंड उघडतेय तोच समोरून तायडे डॉक्टर हातात थर्मामीटर घेऊन तरातरा रस्ता ओलांडून आले आणि मलाच दरडावायला लागले, की ताई, देऊ नका. मी म्हटलं, माझ्या दुकानात येऊन मला शिकवू नका, मी देतच नव्हते. त्यांनी थर्मामीटर खिशात ठेवलं. मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "माफ करा. मले वाटलं, साऱ्यासारख्याच असान."

ही माफी होती की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या स्टुलावर बसून त्यांनी त्या शेतकऱ्याला जे सांगितलं ते मीही कान देऊन ऐकलं. गाईच्या पोटात पहिली एक मोठी कोठी असते. त्या कोठीत डोळ्यांना न दिसणारे जीव राबत असतात, ते कडबा आंबवतात, कुजवतात, तेव्हा कुठे गाईच्या अंगी लागतं. तुझी कॅप्सूल आधी त्या कोठीत पडणार. आजार राहील बाजूला, ती आधी तिथले कामकरी मारून टाकेल, आणि गाय चाराच सोडेल. आणि याच गाईचं दुधावरचं वासरू असेल तर त्याचं पुन्हा वेगळं. वासरू दूध ओढतं तेव्हा ते दूध कोठीत न पडता आतल्या एका पन्हाळीतून सरळ पुढच्या पोटात जातं, म्हणून वासराला तोंडाने दिलेलं औषध लागू पडतं आणि मायला पडत नाही. एका दाव्याला बांधलेली माय-लेकरं, तरी हिशेब वेगळा. मी औषधशास्त्राचा डिप्लोमा केलेली बाई, पण माझ्या पुस्तकात सगळं औषध एकाच पोटातून जायचं. माणसाच्या.

दवाखान्यात कोणी आलं की काय झालं हे तायडे डॉक्टर आधी विचारतच नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "कोण हाय?" म्हणजे म्हैस, गाय, बकरी, मेंढी, कुत्रं, कोण. ते कळल्याशिवाय पुढे बोलणं नाही. डॉक्टर गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यातून शिकून वर आलेले. तुम्ही कोण, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर लोकांनी आडून आडून विचारलेला. एकदा एका पाहुण्याने माझ्या दुकानात बसून तसंच आडनावावरून खोदायला सुरुवात केली. डॉक्टर हसत म्हणाले, मीही दिवसभर हेच विचारतो, पण चार पायांच्यालाच, आणि मला औषध द्यायचं असतं म्हणून. पाहुण्याने चहा अर्धा टाकला आणि उठला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चहावरून आठवलं. डॉक्टर कोरा चहा प्यायचे. आधी मला वाटायचं, शुगर असेल, पित्त असेल. तसं काही नव्हतं. गावातली कोणती म्हैस कोणत्या इंजेक्शनवर आहे हे त्यांना ठाऊक, इंजेक्शन दिलेल्या जनावराचं दूध काही दिवस घरात घेऊ नका, विकू नका, हे ते मालकाला सांगायचे, आणि मालक त्यातलं किती ऐकतो हेही त्यांना ठाऊक. एखाद्या घरी दुधाचा चहा समोर आला तर ते आधी विचारायचे, दूध कोणाकडचं. नाव ऐकून कधी प्यायचे, कधी कप हळूच सरकवून द्यायचे. आमच्याकडच्या दूधवाल्याचा कॅन दिसला की ते समोरून नुसती मान हलवायचे, आज घ्या किंवा आज नको. माझ्या घरात त्या मानेवर खीर व्हायची की नाही ते ठरायचं.

आमच्या गल्लीत साबळे गुरुजी राहतात. शाळेतून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगी नाशिकला. घरात ते आणि मनी नावाची मांजर. एकदा मनीचे कान गरम लागले म्हणून गुरुजींनी आपल्याच डब्यातली तापाची अर्धी गोळी कुटून दुधात कालवून तिला पाजली. मायेने पाजली. आपल्याला उतार पडतो तर तिला का नाही. दुपारपर्यंत मनीचं तोंड सुजलं, हिरड्यांचा रंग काळपट चहासारखा झाला आणि ती धापा टाकायला लागली. गुरुजी तिला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आले, आणि दुसऱ्या मिनिटाला डॉक्टर माझ्या काउंटरवर. छाती भरली, कफ सुटत नाही, अशा माणसांना आपण पाण्यात विरघळवून जी पावडर देतो ती त्यांना हवी होती. मी म्हटलं, मांजराला? ते म्हणाले, हाव, लवकर.

संध्याकाळपर्यंत मनी माझ्याच दुकानात त्यांच्या मांडीवर होती. मधे मधे ते पावडरचं पाणी सुई काढलेल्या सिरिंजने तिच्या गालात सोडायचे. गुरुजी माझ्या पायरीवर बसून होते. मांजर हातून मेली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, हे त्यांना लहानपणापासून माहीत, आणि ते मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, की चुकून मेली तरी लागते का हो. मी काय सांगणार. डॉक्टरांनी आतूनच उत्तर दिलं की गुरुजी, सोन्याचा भाव पाहता हिला जगवणंच स्वस्त पडेल. मनी जगली. आपलं लिव्हर ती गोळी जणू पुडीत बांधून बाहेर टाकतं, आणि मांजराकडे ती पुडीच नसते, एवढं सोपं करून त्यांनी गुरुजींना समजावलं. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, तुमच्या जागी मी असतो आणि मला शिकवलेलं नसतं, तर मीही पाजली असती.

हे त्यांनी उगीच म्हटलं नव्हतं. रहीमभाईंची लग्नातली घोडी एकदा तारेत अडकून मांडीला फाटली, तेव्हा टाके घालण्याआधी तिला शांत करायला डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. ते भरताना मोठ्याने म्हणत होते, "घोडी हाय. घोडीचं भरून राह्यलो." कोणाला सांगत नव्हते, स्वतःलाच ऐकवत होते. भोवती जमलेल्यांत एकाने सहज विचारलं, की मग बैलाला याहून जास्त लागत असेल. टाके घालून झाल्यावर, हात धुताना, डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलं. घोडीला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्शात बैल आडवा होतो. अंगाने कितीही धिप्पाड असो. आणि हे मला पुस्तकाने नाही शिकवलं, असं म्हणून त्यांनी रोहिणखेडची गोष्ट सांगितली.

नोकरी नवी होती. सकाळी एका घोड्याचं काम करून ते तसेच एका बैलाकडे गेले आणि त्याच हाताने, त्याच अंदाजाने भरलं. बैल बसला, मग पसरला, जीभ बाहेर आली, श्वास मोजून मोजून यायला लागला. लाळ श्वासनळीत जाऊ नये म्हणून डॉक्टर त्याचं डोकं धरून मातीत बसले ते ऊन कलेपर्यंत. सगळं गाव भोवती. पेरणीचे दिवस, त्या माणसाची ती एकच जोडी. बैल संध्याकाळी उठला, झुलत झुलत उभा राहिला. पण डॉक्टरांच्या मनात राहिला तो बैल नाही, त्याचा मालक. "त्यानं शिवी देली असती त म्या इसरलो असतो," ते म्हणाले. "त्यानं मले प्याले पाणी आणून देलं." हे ऐकून आम्ही सगळे उगाच घोडीकडे पाहत राहिलो.

आता बकऱ्यांचं सांगते, कारण तायडे डॉक्टर म्हटलं की आमच्या भागात लोकांना बकऱ्याच आठवतात.

जंताचं पांढरं औषध धनगर मेंढ्यांना पाजतात ते बाटलीच्या झाकणाने मोजून. बकऱ्यांवाल्या बायांनी तेच झाकण उचललं. मेंढी आणि बकरी दिसायला सारख्या उंचीच्या, कळपात शेजारी चरतात, मग झाकण वेगळं कशाला. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. बकरी गवतावर थांबत नाही, ती बाभूळ, बोर, कडू पाला, काटेरी झुडूप, दिसेल ते खाते. असलं खाऊन पचवायचं म्हणजे तिचं लिव्हर कामाला सरावलेलं. ते औषधालाही विषच समजतं आणि जंतांवर नीट काम होण्याआधी बाहेर फेकतं. मेंढीच्या मापाचं औषध बकरीला दिलं तर ते अर्धंच दिल्यासारखं. आणि डॉक्टर म्हणायचे, किड्याला अर्धा मार दिला तर तो मरत नाही, पहिलवान होतो.

मग त्यांनी एक वाक्य बनवलं, लोकांच्या तोंडी बसेल असं. "बकरी म्हंजे मेंढी नव्हे. बकरीले डबल." दवाखान्यात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही बकरीवाला दिसला की हेच. पांढऱ्या औषधापुरतं ते खरंही होतं. कोणीतरी त्यांच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि ते सगळ्या ग्रुपवर फिरलं. लोणारकडच्या सुलतानपुरात माझी मावसबहीण आहे, तिच्या मोबाइलवरही एक दिवस तायडे डॉक्टर बोलले. पोरं त्यांना पाहिलं की लांबून ओरडायची, बकरीले डबल. ते खूश व्हायचे. नोकरीत एवढं एक काम झालं, असं ते मला म्हणाले होते.

गुंफाबाई याच गावची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाते आणि बकऱ्या पाळते. बकऱ्या म्हणजे तिचं घरच. त्यांच्याशी बोलते, त्यांच्यावर रुसते. त्यांतली भुरी तिच्या विशेष जीवाची, उशाशी झोपणारी. गेल्या वर्षी पाऊस उघडला आणि गुंफाबाईच्या बकऱ्या वाळायला लागल्या. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज, चालता चालता बसायच्या. एक गेली, मग दुसरी गेली. नजर लागली म्हणून तिने मिरच्या-मीठ उतरवलं, धागा बांधला, आणि मग बकऱ्यांचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला. मरायच्या आधी देऊन टाक म्हणाला. तिने त्याला पुढच्या बाजारापर्यंत थांबायला सांगितलं आणि रडत डॉक्टरांकडे आली.

डॉक्टर तिच्या घरी गेले. लेंड्या आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्त पिणारे जंत होते, आणि ते जुन्या झाकणाच्या वर्षानुवर्षांच्या अर्ध्या माराने खरोखर पहिलवान झालेले होते. पांढरं औषध त्यांनी बकरीच्या मापाने, म्हणजे डबल, आदल्या दिवशी उपाशी ठेवून दिलं, कारण पोट रिकामं असलं की औषध आत जास्त वेळ रेंगाळतं. तरी जंत हलले नाहीत. तेव्हा त्यांनी दुसरं औषध काढलं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या कोणी चिठ्ठी घेऊन माझ्याच दुकानात उभं राहील. हे औषध अंगात गेलं की रक्तालाच धरून बसतं आणि बरेच दिवस तिथे राहतं. किडा रक्त पितो, त्याबरोबर औषध पितो आणि मरतो. बकरीसुद्धा हे लवकर बाहेर टाकत नाही. म्हणजे इथे डबल नाही. इथे मेंढीला जेवढं तेवढंच बकरीला, आणि तेही वजन करून.

त्यांनी एकेक बकरी स्प्रिंगच्या काट्याला टांगून तोलली आणि स्वतःच्या हाताने पाजली. भुरी फार थकलेली होती, म्हणून तिला आधी ताकद येऊ दे, औषध चार-आठ दिवसांनी दे म्हणाले. त्या दिवसांत त्यांची बुलढाण्याला मीटिंग होती. बाटलीत थोडंच उरलेलं, ती बाटली आणि खूण केलेली सिरिंज त्यांनी गुंफाबाईच्या हातात दिली. ह्या रेघेपर्यंत, बस. बाहेर जीप हॉर्न देत होती.

बाकीच्या बकऱ्या सावरल्या. जबड्याच्या सुजा उतरल्या, पालवीला तोंड घालायला लागल्या. व्यापारी आला तो हात हलवत परत गेला. गुंफाबाई त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन उगाचच एक साबण घेऊन गेली, तिला कोणालातरी सांगायचं होतं.

मग तिने भुरीला औषध पाजलं. आणि सिरिंजच्या रेघेशी तिचा हात थांबला नाही. ही सगळ्यांत अशक्त, ही सगळ्यांत लाडकी, हिला कमी कसं पडू द्यायचं. आणि डॉक्टर तर इतकी वर्षं घसा फोडून सांगताहेत. तिने डबल दिलं.

काही दिवसांनी भुरी दाराच्या चौकटीला धडकली. पाण्याच्या घमेल्यात पाय घातला. गुंफाबाईने डोळ्यांसमोर हात नेला, तर पापणीसुद्धा लवली नाही. ती भुरीला उचलून भर उन्हात दवाखान्यात आली. मी समोरून पाहत होते. डॉक्टरांनी टॉर्च मारला, पुन्हा मारला. मग विचारलं, किती दिलं होतं. तिने सांगितलं. टॉर्च तसाच जळत ठेवून ते खुर्चीवर बसले.

"तुमीच त सांगतलं होतं," गुंफाबाई म्हणाली. रागाने नाही. विचारल्यासारखं. तिला खरंच कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "हाव बाई. म्याच सांगतलं होतं."

नंतर ते मला सांगत होते, की थकलेल्या जनावराचं रक्तच पातळ झालेलं, औषधाला धरून बसायला तिथे जागाच कमी, मग ते मोकळं सुटतं आणि डोळ्यांच्या नसेवर जातं. गेलेली नजर परत येणार नव्हती. मी म्हटलं, तुम्ही रेघ मारून दिली होती, यात तुमचा काय दोष. मी हे मनापासून म्हटलं, आणि अजूनही तसंच म्हणते. ते चिडले. रेघ मी एकदा दाखवली, म्हणाले, आणि ते वाक्य मी इतकी वर्षं म्हटलं. तिने कशावर विश्वास ठेवायचा?

त्यानंतर गुंफाबाई डॉक्टरांना काही विचारेनाशी झाली. भांडली नाही, कुठे तक्रार केली नाही. समोर दिसले की पदर सारखा करून नमस्कारही करायची. पण बकरीला काही झालं की रस्त्याच्या अलीकडेच थांबायची आणि मला विचारायची. मी सांगायची, बाई, मला माणसांचं कळतं, समोर जा. ती मान हलवायची आणि घरी निघून जायची. आणि ती गेली की पाच मिनिटांत डॉक्टर माझ्या दुकानात, काहीतरी निमित्त काढून. "गुंफाबाई आल्ती का? मले काही इचाराले सांगून राह्यली का?" मी नाही म्हणायची. मला ते नाही म्हणणं फार जड जायचं. एकदा वाटलं, खोटंच हो म्हणावं. पण त्यांच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती.

रिटायरमेंट जवळ आलेली. माणसं अशा वेळी पेन्शनची कागदपत्रं जमवतात, फर्निचर विकतात. डॉक्टर स्कूटर काढून बकऱ्यावाल्यांच्या दारोदार फिरायला लागले. पिंपळगाव झालं, आजूबाजूच्या वस्त्या झाल्या. प्रत्येक दारात उभं राहून सांगायचे, मी जे सांगितलं ते अर्धं होतं. पांढऱ्या औषधाला डबल, साऱ्याच औषधाला नाही. नवीन औषध आलं की विचारल्याशिवाय पाजू नका. लोक हसायचे. साहेब म्हातारपणी शब्द फिरवून राहिले, असंही कोणी म्हणालं. मोबाइलवर त्यांनी नवीन रेकॉर्ड करून टाकलं, पण ते लांबलचक, सगळ्या अटी-शर्ती घातलेलं, ते कोण पुढे पाठवणार? जुनंच फिरत राहिलं. एका हळदीत पोरांनी बँजोवाल्याला सांगून ते वाजवलं, तेव्हा डॉक्टर पंगतीतून न जेवता उठून आले. मी त्यांना तेवढं खचलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मला त्या पोरांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्यांना बिचाऱ्यांना काही माहीतही नव्हतं.

एक दिवस त्यांनी गुंफाबाईकडे निरोप पाठवला, की भुरीला मी घेऊन जातो, खामगावच्या घरी माझं अंगण आहे, बायकोलाही सांगितलंय, तिचं सगळं मी करीन. निरोप माझ्याच हाती होता, मीच गेले सांगायला. भुरी गुंफाबाईच्या पायाशी बसून रवंथ करत होती, पोटाने गाभण दिसत होती. गुंफाबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाई देत. ते तिले रोज पाह्यतीन अन् रोज झुरतीन. माणूस मरन अशानं." मी परत येऊन नुसतं नाही म्हणाली एवढंच सांगितलं. बाकीचं मला सांगवेना.

डॉक्टर गाव सोडून निघाले त्या दिवशी दवाखान्याला लागून असलेल्या त्यांच्या क्वार्टरसमोर छोटा टेम्पो लागला. सामान फार नव्हतं. पुस्तकांची खोकी, कपाट, गॅसची शेगडी, एक कूलर. निरोपाला माणसं आली, रहीमभाई आले, साबळे गुरुजी आले, हार झाले, नारळ झाले. पांगापांग झाली. ड्रायव्हरने दोर आवळला. मी दुकानातून खाली उतरून उभी होते आणि तेवढ्यात गुंफाबाई कोपऱ्यावरून येताना दिसली. पदराखाली काहीतरी धरलेलं. मला वाटलं, नेहमीसारखी माझ्याकडेच येईल. ती माझ्यासमोरून सरळ पुढे गेली आणि टेम्पोपाशी थांबली.

पदराखाली करडू होतं. भुरीचं. टकामका सगळीकडे पाहत होतं.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "याले जंताचं किती देऊ?"

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. मग करडाकडे. मग ड्रायव्हरला म्हणाले, दोर सोड. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, आत्ताच बांधला. सोड म्हणतो ना बे. वजनाचा काटा नेमका तळाशी, पुस्तकांच्या खोक्यांमागे. कूलर खाली आला, शेगडी खाली आली, कपाट आडवं करून खोकी ओढावी लागली. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, आणि डॉक्टर नवे कपडे घातलेले, गळ्यात झेंडूचा हार, त्या धुळीत गुडघ्यावर बसून काटा शोधत होते. काटा सापडला. गोणपाटाच्या तुकड्यात करडू बसवून त्यांनी ते तोललं, आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्याचं तोंड उघडून दात पाहिले, पोट चाचपलं.

"आता कायीच नाई," ते म्हणाले. "दूध पिऊन राह्यलं तवरोक कायीच नाई. पाल्याले लागलं की मंग."

गुंफाबाईने रस्त्यावर पसरलेल्या सामानाकडे एकदा पाहिलं. "मंग एवढं सारं कायले काढलं?"

"वजन केल्याबिगर कसं सांगू?"

तिने करडू पुन्हा पदराखाली घेतलं. पाल्याला लागलं की फोन करते म्हणाली, त्यांनी नंबर सांगितला, तिने तो मला लिहून ठेवायला लावला. मग भुरी एकटी असेल म्हणून ती निघाली. सामान पुन्हा चढेपर्यंत डॉक्टर तिथेच उभे होते, ती गेली त्या कोपऱ्याकडे तोंड करून. दोर बांधून झाला. ते पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसले, दार लावलं, आणि खिडकीतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही विसरलं असेल, किल्ली वगैरे.

"मंदाताई," ते म्हणाले, "तिनं इचारलं मले."